इन्सुलिन पंप घ्यायचाय? आधी घराचा हिशोब मांडा

आज आपण इन्सुलिन पंपाबद्दल बोलणार आहोत. हा विषय थोड्या घरांचा आहे, पण ज्या घरात तो आहे तिथे तो रोजचा आहे, रात्रीचासुद्धा आहे. ज्यांच्या मुलाला किंवा मुलीला टाइप वन मधुमेह आहे, ज्यांना स्वतःला तो आहे, किंवा जुना पंप कुरकुर करायला लागल्याने नवा घ्यायचा आहे, त्यांनी वही-पेन घेऊन बसा. बाकीच्यांनीही ऐका. आपल्या शेजारी, शाळेत, नात्यात असं मूल कधीही भेटू शकतं.

पंपाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "केवढ्याला पडतो?" दुसरा येतो, "सगळ्यात चांगला कोणता?" दोन्ही प्रश्न विचारायचेच आहेत, पण शेवटी. सुरुवात या प्रश्नापासून करा: हा पंप आपल्या घरात रोज, वर्षानुवर्षं, कोण चालवणार आणि कशाच्या जोरावर? याचं उत्तर सापडलं की मग कोणता पंप, हे बरंचसं आपोआप ठरतं. आजच्या सगळ्या बोलण्याचा रोख हाच आहे.

पंप कोणासाठी?

आपल्याकडे मधुमेह म्हटलं की आजोबांची शुगर, गोळ्या आणि सकाळचं फिरणं डोळ्यांसमोर येतं. तो टाइप टू. त्यातल्या बहुतेकांना पंपाची गरज नसते. टाइप वन वेगळा. त्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड जास्त खाल्ल्याने तो होत नाही, आईच्या डोहाळ्यांमुळे होत नाही, कोणाच्या नजरेने तर नाहीच. त्यामुळे घरात कोणी कोणाला बोल लावू नये.

टाइप वनमध्ये इन्सुलिन बाहेरून द्यावंच लागतं. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरंटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी या आजाराची मुलं फार दिवस जगत नसत. आज ती शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. इंजेक्शन, पेन आणि पंप या इन्सुलिन देण्याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. पंप हे वेगळं औषध नाही आणि पंप लावला म्हणजे आजार बरा होतो असंही नाही.

पंप करतो काय?

शेतातलं ठिबक आठवा. पाटाने पाणी दिलं की एकदम पूर, मग कोरडं. ठिबकने थेंब थेंब, झाडाला लागेल तेवढं. पंपाचं काम साधारण तसंच आहे. मोबाइलपेक्षा लहान असं हे यंत्र शरीराच्या बाहेर राहतं. त्याच्या आत इन्सुलिनची छोटी टाकी असते, तिला रिझर्व्हायर म्हणतात. त्यातून एक बारीक नळी निघते आणि पोटावर, मांडीवर किंवा कमरेजवळ त्वचेखाली बसवलेल्या केसासारख्या मऊ नळीपर्यंत जाते. या आतल्या नळीला कॅन्युला म्हणतात. नळी आणि कॅन्युला मिळून होतो सेट. हा सेट साधारण दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा आणि दर वेळी जागाही बदलायची. ऑपरेशन वगैरे काही नसतं.

पंप दोन प्रकारे इन्सुलिन देतो. एक, दिवसरात्र थेंब थेंब. त्याला बेसल म्हणतात. दोन, जेवणाच्या वेळी एकदम थोडं जास्त. त्याला बोलस म्हणतात. बेसल तासागणिक बदलता येतं. कोणाची शुगर पहाटे चढते, तिथे पहाटे जास्त ठेवता येतं. मुलगी संध्याकाळी कबड्डी खेळते, तिथे तेवढा वेळ कमी करता येतं. काही पंप तासाला ०.०२५ युनिट इतकं बारीक माप देतात. सुईने हे जमत नाही. लहान मुलांना या बारकाव्याचा मोठा फायदा होतो.

पण आपण काय खाल्लं हे पंपाला कळत नाही. ते आपणच सांगायचं. जेवणातल्या पिष्टमय पदार्थांचा, म्हणजे कार्बचा, हिशोब करून बोलस द्यावा लागतो. तीस ग्रॅम पिठाच्या मध्यम पोळीत साधारण वीस ग्रॅम कार्ब असतात. भाकरी जाड थापली की हिशोब बदलतो. उपासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ सगळाच स्टार्च, तेव्हा "उपास आहे, इन्सुलिन नको" हे चालत नाही. ज्या घरात हा हिशोब अजून बसलेला नाही, त्या घराने पंपाआधी तो शिकावा. आहारतज्ज्ञाकडे दोन-तीन वेळा बसून आणि घरातल्या वाट्या वजनकाट्यावर मोजून हे नक्की जमतं.

पंपांचे तीन प्रकार

बाजारात नावं खूप ऐकू येतील. मुळात प्रकार तीन.

पहिला, साधा नळीचा पंप. तो आपण ठरवून दिलेलं बेसल देतो आणि आपण सांगू तेव्हा बोलस देतो. स्वतः काही ठरवत नाही.

दुसरा, चिकटवायचा पंप. यात बाहेर लोंबणारी नळी नसते. छोटी डबीच त्वचेवर चिकटते आणि वेगळ्या रिमोटने चालते. ती डबी ठरावीक दिवसांनी काढून टाकायची आणि नवी लावायची.

तिसरा, सेन्सरला जोडलेला पंप. सेन्सर त्वचेखालची शुगर दर काही मिनिटांनी मोजतो आणि पंपाला कळवतो. शुगर उतरायला लागली की पंप इन्सुलिन कमी करतो किंवा थांबवतो, चढायला लागली की वाढवतो. अशा पहिल्या पंपाला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि त्यानंतर हे पंप बरेच सुधारले. यांना अर्धस्वयंचलित म्हणतात. अर्ध का, तर जेवणाचं तेवढं अजूनही आपल्यालाच सांगावं लागतं. ज्या आया रात्री दोनला उठून लेकराच्या बोटाला सुई टोचतात, त्यांची झोप या पंपाने बरीचशी परत मिळू शकते. पण सेन्सर संपला किंवा लावलाच नाही, तर हा पंपही साधाच. म्हणून तिसऱ्या प्रकाराचा विचार करताना सेन्सरचा कायमचा खर्च धरूनच करायचा. शिवाय अशा प्रत्येक यंत्राला किमान वय आणि दिवसाच्या इन्सुलिनची किमान मात्रा ठरलेली असते. आपलं मूल त्यात बसतं का, हे डॉक्टरांना विचारा.

पंप बंद पडला तर?

आता कान देऊन ऐका. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन भरलेलं असतं. पेनवाल्यांना दिवसभर पुरणारं लांब पल्ल्याचं इन्सुलिन मिळतं, ते पंपवाल्यांच्या अंगात नसतं. म्हणजे नळी मुडपली, कॅन्युला निघून आली, हवेचा बुडबुडा अडकला, तर काही तासांतच शरीरात इन्सुलिन उरत नाही. ठिबकची नळी चोक झाली तर रोप दोन-चार दिवस तग धरतं. इथे एवढा वेळ मिळत नाही. रक्तात कीटोन नावाची आम्लं साठायला लागतात. मग पोटात दुखतं, उलट्या होतात, धाप लागते, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. आपल्याकडे याला "पित्त झालं असेल", "बाहेरचं खाल्लं असेल" म्हणून घरी थांबवतात. टाइप वनच्या मुलाला उलट्या झाल्या की आधी शुगर आणि कीटोन तपासायचे. यात उशीर झाला तर जीव जाऊ शकतो.

पंपवाल्या घरात हा नियम भिंतीवर लावा. शुगर २५०च्या वर गेली आणि कारण कळत नाही, तर कीटोन तपासा. पंपाने दुरुस्तीचा एक डोस दिला आणि तासा-दीड तासात शुगर उतरली नाही, तर पंपावर विसंबू नका. पुढचा डोस पेनने किंवा सिरिंजने द्या, सेट नवा बसवा, पाणी पाजा, डॉक्टरांना फोन करा. कीटोन वाढलेले असतील किंवा उलट्या थांबत नसतील, तर थेट दवाखाना.

म्हणून पंप घेतला तरी पेन, सुया आणि लांब पल्ल्याचं इन्सुलिन घरात कायम हवंच. पंप एक-दोन दिवस बंद राहिला तर लांब पल्ल्याचं किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. तो कागद फ्रिजला लावा, एक प्रत दप्तरात ठेवा.

इथेच एक धोका आहे, तो आपल्या देशात विशेष आहे. औषधाच्या दुकानात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एकीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, दुसरीत १०० युनिट. ४०ची सिरिंज लाल टोपणाची, १००ची नारिंगी टोपणाची. पंपात १०० ताकदीचं इन्सुलिन असतं. घाईत कोणी ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलं, तर दहाच्या जागी पंचवीस युनिट जातात. एवढ्याने मूल बेशुद्ध पडू शकतं. पंप घरात आला की लाल टोपणाच्या सिरिंज घरातून काढून टाका. शेजारच्या काकूंकडून सिरिंज उसनी आणायची नाही.

आणि शुगर ७०च्या खाली आली, घाम, थरथर, चिडचिड दिसली, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या. भारीतला भारी पंप असला तरी साखरेची पुडी खिशात हवीच.

आता हिशोब

वही उघडा. पंपाचं यंत्र एकदाच घ्यायचं, त्याला काही लाख रुपये लागतात. वॉरंटी बहुधा चार वर्षांची असते. पण खरा खर्च दर महिन्याचा. सेट तीन दिवसांनी बदलला तर महिन्याला दहा सेट आणि दहा रिझर्व्हायर. एखादा घामाने निघतो, एखादा नीट बसत नाही, म्हणून बारा धरा. चार वर्षांत हा आकडा पाचशेच्या पुढे जातो. सेन्सर सात दिवसांचा असेल तर वर्षाला बावन्न, चौदा दिवसांचा असेल तर सव्वीस. वर इन्सुलिन, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, कीटोनच्या पट्ट्या, बॅटरी, आणि आणीबाणीसाठी पेन. प्रत्येकासमोर आजचा भाव लिहा आणि महिन्याची बेरीज करा. विक्रेत्याकडून हे भाव कोटेशनवर, लेखी घ्या.

कितीतरी घरं पंपासाठी पैसे उभे करतात. कोणी दागिना मोडतं, कोणी बचत गटातून कर्ज काढतं, कोणी नातेवाइकांपुढे हात पसरतं. पण गटाचं कर्ज एकदाच मिळतं आणि सेट दर तिसऱ्या दिवशी लागतो. मग तीन दिवसांचा सेट सहा दिवस ताणला जातो. जागा लाल होते, सुजते, इन्सुलिन शोषलं जात नाही, शुगर तीनशेच्या वर राहते. शेवटी लाखोंचा पंप कपाटात जातो आणि कर्जाचे हप्ते तेवढे चालू राहतात.

म्हणून एक साधी परीक्षा सांगते. पंप घेण्याआधी तीन महिने, महिन्याच्या बेरजेची ती रक्कम दर महिन्याला खरोखर बाजूला टाकून बघा. शाळेची फी, किराणा, दुसऱ्या लेकराची गरज यांना हात न लावता ती बाजूला राहिली, तर पंप परवडतो. ओढाताण झाली, तर अजून परवडत नाही. साचलेले पैसे सामानालाच कामी येतात, वाया काही जात नाही. देणगी मिळत असेल तर देणाऱ्यांना विचारा की यंत्राऐवजी दोन वर्षांचं सामान देता येईल का. विमा असेल तर पंप आणि त्याचं सामान त्यात बसतं का, हे कंपनीकडून लेखी घ्या. पुष्कळ पॉलिसी दवाखान्यात दाखल होण्याच्या खर्चावरच बेतलेल्या असतात.

आणि हिशोब जमला नाही, तर? मैत्रिणींनो, लेकराला पंप देऊ शकलो नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षं टाइप वनच्या १४४१ जणांचा मोठा अभ्यास झाला. ज्यांनी शुगर काटेकोरपणे सांभाळली, त्यांच्यात डोळ्यांचा विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंडाचा सुमारे ५० टक्क्यांनी आणि नसांचा ६० टक्क्यांनी कमी झाला. आणि ती काटेकोर माणसं दिवसातून तीन किंवा अधिक इंजेक्शनं घेणारी होती किंवा पंप वापरणारी होती. म्हणजे फायदा शुगर सांभाळल्याचा होता, मग साधन कोणतंही असो. वेळेवर मोजणं, कार्बचा हिशोब आणि दिवसाला चार-पाच वेळा पेन, याने मुलं छान वाढतात. थोडे पैसे असतील तर पंपाआधी सेन्सरचा विचार करा. तो पेनसोबतही वापरता येतो आणि शुगर कधी, कशाने हलते हे डोळ्यांना दिसतं. मोजपट्टी हीच ठेवा: दिवसरात्रीतला ७० टक्क्यांहून जास्त वेळ शुगर ७० ते १८०च्या मध्ये, आणि ७०च्या खाली ४ टक्क्यांहून कमी वेळ.

अंगावर वागवायचा कोणी?

पंप घेतो बाप, चालवते आई, पण अंगावर वागवायचा असतो लेकीला. तिला विचारल्याशिवाय ठरवू नका. शाळेच्या गणवेशाला खिसा आहे का? नळी ओढणीत अडकेल का? कुशीवर झोपताना टोचेल का? साडी नेसणाऱ्या बाईला कमरेचा पंप निऱ्यांत नीट बसत नाही. परकराला आतून खिसा शिवून घेतला की सोय होते. पंप जाताना-येताना दाखवायचा की झाकायचा, हे तिला ठरवू द्या. शक्य असेल तर विकत घेण्याआधी आठवडाभर पंप रिकामा किंवा सलाइन भरून अंगावर वागवून बघता येईल का, असं विचारा. दवाखान्यात अशी सोय असेल तर ती सोडू नका. दोन दिवसांत जे कळतं ते माहितीपत्रकात मिळत नाही.

विहिरीवर, तळ्यावर पोहणाऱ्या मुलांसाठी पंप पाण्यात चालतो का, की काढावा लागतो, हे विचारा. काढला तर तो किती वेळ बाहेर ठेवलेला चालेल, हेही विचारा. एमआरआयच्या वेळी पंप काढून बाहेरच ठेवायचा असतो.

पाळीच्या आधीच्या दिवसांत बऱ्याच जणींची शुगर चढते. पंपात त्या दिवसांसाठी बेसलचा वेगळा नमुना साठवता येतो. हा खरा उपयोग आहे, तो शिकून घ्या. बाळाचा विचार करणाऱ्या लेकी-सुनांनी पंप घेण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. गरोदरपणात शुगरची मर्यादा कडक असते, उपाशीपोटी ९५च्या आत आणि जेवणानंतर तासाने १४०च्या आत. बऱ्याच स्वयंचलित पंपांचं सगळ्यात खालचं लक्ष्यच १०० किंवा त्याहून वर असतं. तेव्हा त्या नऊ महिन्यांत यंत्र कसं वापरायचं, हे आधी ठरलेलं बरं.

लग्नाचं काय, हे विचारायचं धाडस अनेक आयांना होत नाही. मी स्पष्ट सांगते. लपवून लग्न करू नका. सासरी इन्सुलिन लपवावं लागलं की डोस चुकतात. ज्या घरात स्वयंपाकघराच्या फ्रिजमध्ये उघडपणे इन्सुलिन ठेवता येत नाही, त्या घरात लेक सुरक्षित नाही.

ऊन, वीज आणि अंतर

पुण्या-मुंबईचा दवाखाना आणि आपलं गाव यांत फरक आहे, तो निवडीत धरा. पंप कशावर चालतो? काहींना साधा पेन्सिल सेल लागतो, तो कुठल्याही दुकानात मिळतो. काही चार्ज करावे लागतात. जिथे वीज तासन्‌तास जाते, तिथे हा प्रश्न मोठा आहे. सेन्सरचं रीडिंग पंपावर दिसतं की फक्त मोबाइलवर? फोन एकच असेल आणि तो वडिलांबरोबर शेतात जात असेल, तर शाळेतल्या मुलीला काय उपयोग? परीक्षेच्या हॉलमध्येही फोन नेता येत नाही. सीबीएसई बोर्डाने २०१७ मध्ये टाइप वनच्या मुलांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ ठेवायची मुभा दिली. पंप आणि सेन्सरसाठी मात्र डॉक्टरांचं पत्र देऊन शाळेकडून आणि बोर्डाकडून आधीच लेखी परवानगी काढून ठेवा.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात, फ्रिजच्या दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्यात तर अजिबात नाही. पंपातलं इन्सुलिन अंगाच्या उबेला आणि उन्हाला असतं. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. पंप उन्हात उघडा राहू देऊ नका, कपड्याच्या आत घाला. उन्हाळ्यात रिझर्व्हायर आधी बदला. शुगर विनाकारण चढायला लागली तर इन्सुलिन उष्णतेने खराब झालं असेल असा संशय घ्या. फ्रिज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाण्याच्या माठाच्या गारव्यात ठेवायची पद्धत चालते. घामाने सेट सुटत असेल तर वरून चिकटपट्टी लावायची असते, तिचाही खर्च धरा.

टाकीचं माप बघा. लहान मुलाला दिवसाला पंधरा युनिट लागत असतील तर तीन दिवसांना पंचेचाळीस, त्याला कोणतीही टाकी पुरते. पण वयात आलेल्या मुलाला सत्तर लागत असतील तर तीन दिवसांचे दोनशे दहा होतात. १८० किंवा २०० युनिटची टाकी त्याला अपुरी पडते, ३०० लागते.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

हे प्रश्न उतरवून घ्या. पंप बिघडला तर बदली यंत्र किती तासांत घरी येईल? आमच्या तालुक्याला येईल का? रात्री फोन कोण उचलणार आणि मराठीत किंवा हिंदीत बोलणार का? शिकवायला माणूस किती वेळा येईल, आईबरोबर आजीला आणि शाळेतल्या बाईंनाही शिकवेल का? हे मॉडेल बंद झालं तर याचे सेट किती वर्षं मिळत राहतील? सेट फक्त या कंपनीचाच बसतो की दुसराही? पडदा उन्हात दिसतो का? आवाज आणि थरथर दोन्ही आहे का? वॉरंटीत काय येत नाही, पाण्यात पडणं, फुटणं? उत्तरं तोंडी घेऊ नका.

वापरलेला पंप स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. त्याला वॉरंटी नसते आणि सेट मिळेनासे होतात. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने काही जुन्या पंपांबद्दल इशारा दिला होता, की त्यांची बिनतारी जोडणी दुसरं कोणी ताब्यात घेऊ शकतं. देणगीत जुना पंप मिळत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नका.

ज्यांचा जुना पंप बदलायचा आहे, त्यांनी एक काम आजच करा. पंपातले सगळे आकडे वहीत उतरवा: तासागणिक बेसल, कार्बचं प्रमाण, एका युनिटने शुगर किती उतरते तो आकडा, शुगरचं लक्ष्य. पंप अचानक बंद पडला तर हे आकडेही जातात. ते परत बसवायला आठवडे लागतात. नव्या पंपात ते जसेच्या तसे चालतीलच असं नाही, म्हणून पहिला आठवडा डॉक्टरांच्या संपर्कात राहा. लग्नसराई, वार्षिक परीक्षा, यात्रा अशा धामधुमीत पंप बदलू नका.

शेवटी सगळं एका कागदावर आणा. वर लिहा, रोज कोण चालवणार आणि ती आजारी पडली तर कोण. त्याखाली महिन्याची बेरीज. त्याखाली बिघडला तर काय करायचं. आणि सगळ्यात खाली, जिला तो वागवायचा आहे तिचं मत, तिच्याच अक्षरात. हा कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसा. त्यावर जो पंप बसेल तो तुमच्यासाठी चांगला. कोणताच बसला नाही, तर पेन चालू ठेवा आणि सहा महिन्यांनी कागद पुन्हा काढा.

तुमचे प्रश्न केंद्रावर पाठवा. पुढच्या भागात आपण मोजमाप शिकणार आहोत, म्हणजे आपल्या ताटातल्या भाकरी-भातात कार्ब किती. येताना घरातली रोजची वाटी घेऊन बसा. नमस्कार.